तो तिथे असेल का

आईने विचारलं तेव्हा आईची कवळी मोठीच्या हातात होती. खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी उभी राहून ती मऊ ब्रशने कवळीची टाळूकडची बाजू घासत होती, सूपचा एक केशरी कण काही केल्या निघत नव्हता, आणि मागून, पलंगावरून, दात काढून ठेवलेल्या तोंडाचा तो पसरट, हवा सुटलेला आवाज आला, "मोठे, तो तिथे असेल का गं?" तिने नळ बंद केला. कोण, असं विचारायची गरज नव्हती. बाप जिवंत होता तोवर आई त्याला 'ते' म्हणायची, ते आले, ते झोपलेत, हळू बोला. तो मेल्यावर 'तो' म्हणायला लागली. नवऱ्याच्या बाबतीत आयुष्यभरात घेतलेली तेवढीच सूट. 'तिथे' म्हणजे कुठे, हेही विचारायला नको होतं. पलंगासमोरच्या भिंतीवर धाकटीने चर्चच्या मंडळीचं कॅलेंडर टांगलं होतं, त्यात ढगांच्या फटीतून उन्हाचे झोत खाली उतरले होते आणि एक पायऱ्यांची वाट वर जाऊन त्या उजेडात बुडाली होती. आजारी माणसाला दिवसभर बघायला दुसरं काही नव्हतं. "कुणास ठाऊक," ती कवळी झटकत म्हणाली. "आपण कशाला जातोय बघायला?" "तू नसशील जात," आई म्हणाली. "मी चाललेय की."

दोघी हसल्या. आई हसली की तिची हनुवटी नाकाला जाऊन भिडायची आणि सगळा चेहरा मुडपलेल्या पिशवीसारखा व्हायचा. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता, व्यवसायाने ओळखीचा. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या ठशांवरून कवळ्या बनवायच्या, हेच तिचं काम. तळघरातल्या त्या कारखान्यात दिवसभर मेण वितळत असतं, प्लास्टरची पांढरी पूड केसांत बसते, आणि टेबलावर ओळीने ठेवलेले जबडे माणसाशिवाय हसत असतात. आईची कवळी तिने रविवारी, सुट्टीच्या दिवशी बनवली होती, आणि पुढचे दोन दात बसवताना तिचा हात थबकला होता, कारण त्या जागी दात असलेली आई तिने कधी पाहिलीच नव्हती. खरे दात कसे होते, किंचित एकावर एक की सरळ, हे सांगणारा एकही फोटो घरात नव्हता. शेवटी तिने स्वतःचे पुढचे दोन दात आरशात बघून तसेच लावले. लहानपणी कुणी विचारलं तर आई सांगायची, जिन्यावरून पडले. त्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं. घराला उंबरठ्याखेरीज चढायला काही नव्हतं. तरी शेजारपाजारच्या बायका, मंडळीतल्या बायका, सगळ्या मान हलवून म्हणायच्या, जपून हो, जिने फार वाईट. आणि आई पदर ओठांवर धरून म्हणायची, हो ना.

तो जिना संध्याकाळी घरी यायचा. त्याच्या पावलांवरून कळायचं, आज बोलेल की आज मारेल. मोठी धाकटीला कडेवर घेऊन मागच्या अंगणात जायची आणि प्रार्थना करायची. तिची प्रार्थना अगदी साधी होती: याला नरकात घाल. रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की देव बालकांचं ऐकतो, म्हणून ती घाईघाईने, मोठं व्हायच्या आत, रोज सांगायची. स्वर्गाचं वर्णन तिला कधी नीटसं कळलं नाही, सतत गाणी आणि पांढरे कपडे. पण नरक लगेच पटला. नरक म्हणजे न्याय होता. आईच्या ओठावरची सूज कुणीतरी वरून पाहतंय, लक्षात ठेवतंय, आणि ज्याने ती आणली त्याला कधीतरी गाठणार आहे. इतका भरवसा तिने पुढे आयुष्यात कशावरच ठेवला नाही, माणसावर तर नाहीच.

आणि मग बापाचं यकृत गेलं. पिवळा पडला, पोट टम्म फुगलं, पाय सुकले. आईनेच त्याचं सगळं केलं, अंथरूण बदललं, ओकारी धरली. जुने पाळकसाहेब घरी येऊ लागले. बाप कधी चर्चच्या दारात फिरकला नव्हता, पण आता त्याला भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला शब्द भराभर सापडतात. एका दुपारी तो ढसाढसा रडला. मी पापी आहे प्रभू, मला क्षमा कर, मी वाया गेलेला माणूस आहे. पाळकसाहेबही रडले. धाकटी रडली, ती तेव्हा शाळेत जायला लागलेली जेमतेम. मोठीने दारातून पाहिलं: आई पलंगाच्या उशाशी ओकारीचं भांडं हातात धरून उभी होती, आणि बाप छताकडे बघून क्षमा मागत होता. आई इतकी जवळ होती की त्याचा हात नुसता बाजूला पडला असता तरी तिला लागला असता. क्षमा मागून झाली, पाळकसाहेबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं की तुझं तारण झालं, तुझी सगळी पापं बर्फासारखी पांढरी झाली. तेव्हा बापाने डोळे पुसले आणि आईकडे मान वळवून म्हटलं, "पाणी आण."

आई पाणी आणायला गेली. बाप मेला तेव्हा चर्च भरलं होतं, कधी नव्हे इतकं. पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले की आज स्वर्गात आनंद आहे, हरवलेला माणूस घरी पोचला. मोठी पहिल्या बाकावर बसून ऐकत होती आणि तिच्या आत काहीतरी शांतपणे, आवाज न करता, विझलं. म्हणजे नरक रिकामाच आहे तर. ज्याच्यासाठी तो होता तोच सुटला. आई घरी आली, चर्चला जायचे रविवारचे बूट पुसून कपाटाच्या तळाशी ठेवले, आणि पुन्हा कधी काढले नाहीत. कुणाशी भांडली नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. आईने चहा दिला, गुडघे दुखतात म्हणाली. फक्त एकदा, फार वर्षांनी, भांडी घासता घासता, पाठमोरीच ती मोठीला म्हणाली होती, "मी तिथेच उभी होते गं."

आता आई स्वतः त्याच वाटेला लागली होती. पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढणं बंद केलं होतं. धाकटी आईबरोबर राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती, लग्न केलं नव्हतं; मोठी कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहायची आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारची येऊन बसायची. धाकटीचा सगळा जीव दोन गोष्टींत, मंडळी आणि आई. या दोन गोष्टी एकमेकींशी बोलत नाहीत हे तिचं आयुष्यभराचं दुखणं. तिच्यापुरता बापही वेगळा होता. तिला आठवायचा तो शेवटच्या महिन्यांतला, पलंगावर उशीला टेकून बसलेला, तिच्यासाठी संत्र्याचं साल न तोडता एका पट्टीत काढणारा, राणी म्हणून हाक मारणारा. त्या बापाला स्वर्गात जागा मिळाली यात तिला नवल वाटत नव्हतं. मोठीने तिला कधी काही सांगितलं नाही. सांगून काय, तिच्याकडचा तेवढाही एक बाप काढून घ्यायचा?

नवे पाळक तरुण होते, पंचविशी नुकती ओलांडलेले, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांच्यात राग धरण्यासारखं काहीच नव्हतं आणि त्याचाच तिला राग आला. ते पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले, आईचा हात दोन्ही हातांत घेतला. आईने मुद्दाम कवळी लावून घेतली होती. "प्रभूने तुमच्यासाठी जागा तयार ठेवलीये, आई," ते म्हणाले. "फक्त हो म्हणायचंय."

"शेजारी कोण आहे?" आईने विचारलं.

पाळक हसले, मग गोंधळले. "म्हणजे?"

"म्हणजे माझा नवरा आहे का तिथे?"

त्यांचा चेहरा उजळला. बापाची गोष्ट मंडळीत सगळ्यांना पाठ होती, शेवटच्या घटकेला वाचलेल्या माणसाची, तरुणांना सांगायची. "आहे," ते म्हणाले. "अगदी नक्की आहे. तुमची वाट बघत असतील." आपण या बाईला केवढा दिलासा देतोय, असं त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. दारात उभ्या धाकटीने डोळ्यांना रुमाल लावला.

"मग तिथेही तो बसणार आणि मी वाढणार?"

"नाही, नाही. तिथे कुणी नवरा नाही, कुणी बायको नाही. तिथे सगळेच नवे होतात. दुखणं नाही, रडणं नाही. इथलं जुनं काही मनात राहतच नाही."

"त्याला नाही आठवणार, काय काय केलं ते?"

"नाही. देवानेच ते पुसलंय."

"आणि मला?"

"तुम्हालाही नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी उगीचच वाजवत होतं. आईने हात हळूच पाळकांच्या हातांतून सोडवून घेतला आणि पांघरुणाच्या काठावर ठेवला. "म्हणजे त्याला माफी," ती म्हणाली, "आणि मला विसर."

"ओझं उतरतं, आई. दोघांचंही."

"ओझं कुठलं हो. माझं आयुष्य आहे ते. तेही काढून घेतल्यावर तिथे येणार कोण?" मग, त्यांचा पडलेला चेहरा पाहून तिलाच वाईट वाटलं असावं, ती म्हणाली, "राग मानू नका. तुम्ही चांगले आहात. पण मला नाही यायचं तिथे. चहा घेऊन जा, धाकटी चांगला करते."

स्वयंपाकघरात धाकटीने चहाचं पाणी ठेवलं आणि गॅस पेटवायचाच विसरली. "ताई, तू समजाव तिला. तुझं ऐकते ती." काय समजावू, मोठी म्हणाली. "काय म्हणजे? तुला कळतंय का ती कुठे जाईल? तू मानत नाहीस, तुझं ठीक आहे, पण मी मानते ना. मला डोळ्यांसमोर दिसतं ते. आईला साधी गरम वाफ सोसत नाही गं." तिचा आवाज फाटला. "आणि मी? मी तिच्याशिवाय एक दिवस राहिलेली नाहीये. मी मेल्यावर तिथे एकटी जाऊन करू काय? बाबांना काय सांगू, आई कुठे राहिली म्हणून?" मोठीने काडी ओढून गॅस पेटवला. आपल्या लहानपणीच्या प्रार्थनेला इतक्या वर्षांनी हे असं फळ यावं, बाप वर आणि आई खाली, आणि मधे ही, रुमालाचा बोळा करून उभी. एखाद्या दुष्ट माणसाने मुद्दाम जुळवून आणलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. धाकटीला जवळ घ्यावंसं तिला वाटलं. पण त्या घरात अंगाला हात लागायचा तो एकाच कारणासाठी, जवळ घ्यायची सवय दोघींनाही नव्हती. तिने कप विसळले.

त्यानंतर आई भराभर उतरत गेली. हिरड्या आक्रसल्या, कवळी तोंडात खडखडायला लागली, आणि एका दुपारी मोठीने ती पाण्याच्या वाटीत ठेवली ती परत लावलीच नाही. कारखान्यात ती ठशांवरून दुसऱ्यांचे दात बसवत राहिली. कुणा म्हाताऱ्याची वरची कवळी, कुणा बाईचा एकच सुळा. मेणात दात रोवताना तिच्या मनात यायचं, तो पोरगेला पाळक म्हणतो तसं झालंच, सगळे नवे झाले, तर तिथे आईला पुढचे दोन दातही मिळतील. आणि ते कशाने पडले होते हे तिला ठाऊक नसेल. ती समोर उभ्या माणसाकडे बघून हसेल, ओळख नसल्यासारखी, त्या नव्या दातांनी. तो हसेल. आणि कुठल्याच लोकात, वर नाही, खाली नाही, कुणालाही माहीत नसेल की एका तळमजल्याच्या घरात काय घडलं होतं. तिच्या हातातली सुरी मेणात नको तितकी खोल गेली आणि आख्खी ओळ पुन्हा लावावी लागली.

पाळक पुन्हा आले तेव्हा आईचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. डोळे उघडे होते, माणूस ओळखत होती. दुपारचं ऊन पांघरुणावर पडलं होतं. एका बाजूला पाळक वाकले, धाकटी पायांपाशी गुडघ्यांवर बसली, मोठी दुसऱ्या बाजूला आईचे ओठ ओल्या कापसाने पुसत होती. पाळकांनी हळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "आई, प्रभूला आपला तारणारा म्हणून स्वीकारता ना?" आईची नजर त्यांच्यावरून सरकत मोठीवर आली. ओठ हलले. आत काहीतरी उचललं गेलं, पडलं, आणि बाहेर आला तो फक्त एक सूर, श्वासाच्या शेपटीसारखा, "...ओ."

"हो म्हणाली!" धाकटी किंचाळली. "हो म्हणाली, हो म्हणाली!" पाळकांनी डोळे मिटले, त्यांच्या गालांवरून खरोखरच पाणी ओघळलं. मोठीच्या हातात कापूस तसाच राहिला. आईच्या तोंडाशी तिचा चेहरा वीतभरावर होता, आणि तोंडं बघण्यातच तिचा जन्म गेला होता. 'नको'तला 'न' म्हणायला जीभ वर उचलून टाळूच्या पुढच्या कडेला टेकावी लागते. दात नसले तर हिरडीवर चाचपडत ती जागा शोधते. तिने ती जीभ उचलली गेलेली पाहिली होती. टेकलेली पाहिली होती. मधल्या 'क'ला लागतो तेवढा जोर घशात उरला नव्हता, म्हणून तो गळला, आणि मागे उरला तो ओकार. 'हो' म्हणायला तोंडाला काहीच करावं लागत नाही. नुसतं उघडायचं आणि हवा सोडायची. मरणारी सगळीच माणसं शेवटी हो म्हणत असतील, विचारणाऱ्याला धीर असला की झालं.

थांबा, असं म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं. पण धाकटी उठून तिच्यापाशी आली होती, तिचे दोन्ही दंड धरले होते, चेहरा रडून लाल झालेला आणि त्यावर इतका आनंद, इतका उघडावाघडा, की बघवत नव्हता. "ताई, तू तर अगदी जवळ होतीस. तू ऐकलंस ना? हो म्हणाली ना?" पाळकांनीही डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. आईची नजर अजून तिच्यावरच होती. मोठीचे सगळे दात जागच्या जागी होते, स्वतःचे. कुठलाही शब्द तिला धड म्हणता आला असता. "हो," ती म्हणाली. "हो म्हणाली."

आईने डोळे मिटले. थकव्याने मिटले असतील. पुढे तिने कुणाच्याच बोलण्याला दाद दिली नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास, धाकटी तिचे पाय चेपत असताना, ती गेली.

दफनभूमीत मोठी स्वतः गेली. रखवालदाराला वेळेचं सांगायचं निमित्त होतं, पण चालताना तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट होती. बापाच्या कबरीशेजारची जागा आईसाठी म्हणून तेव्हापासून राखलेली होती, आणि निदान एवढं तरी, निदान मातीत तरी, आईला त्याच्या शेजारी निजू द्यायचं नाही. "तिथे नको," ती म्हणाली. "दुसरी दाखवा." रखवालदाराने कपाळ खाजवलं. "लोक जवळ पुरा म्हणून माझ्या डोक्यावर बसतात, बाई. तुम्ही लांब पुरा म्हणताय." तरी तो चालू लागला. पार मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, जिथे बादल्या आणि फावडी ठेवायची खोली होती तिच्या अलीकडे, थोडी मोकळी जमीन होती. डावीकडे कुणा बाईची कबर, उजवीकडे भिंत. इथून बापाचा दगड दिसतही नव्हता. ती तिथे उभी राहून पुन्हा पुन्हा मागे वळून बघत राहिली, खात्री करून घेत. धाकटी येणार होती, आणि धाकटीशी भांडावं लागणार होतं. मोठीने वाक्यं तयार ठेवली होती. या वेळी ती सगळं सांगणार होती. जिना, ओकारीचं भांडं, पाणी आण. संत्र्याचं साल एका पट्टीत काढणाऱ्या त्या हातांनी आधी काय काय केलं होतं ते, एकही गोष्ट न गाळता.

धाकटी आली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा असा शांत की मोठीला ती क्षणभर ओळखू आली नाही. तिने ती जागा पाहिली, भिंत पाहिली, आणि कुठे, का, काहीच विचारलं नाही. "आईला इथे ठेवायचं म्हणतेय मी," मोठी म्हणाली. तिचा आवाज नको तितका चढला. "बाबांच्या शेजारी नाही."

"ठेव ना," धाकटी म्हणाली. तिने मोठीच्या खांद्यावर डोकं टेकलं, कळत्या वयात पहिल्यांदा. "तुला आवडेल तिथे ठेव, ताई. माती काय, कुठलीही असेना. ती आता बाबांजवळच आहे. तू नसतीस तर मला मेली शंका येत राहिली असती, पण तूच ऐकलंस."

डोक्याचं ते वजन खांद्यावर घेऊन मोठी उभी राहिली. तयार ठेवलेली वाक्यं तोंडात होती, ओळीने, एकही हललं नव्हतं. रखवालदाराने कुदळीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली, मान वर करून विचारलं, "इथेच ना, बाई?" तिने नुसती मान हलवली. तो खणायला लागला.